दिवे घाटातली ओली चिंधी

2023 ची वारी आठवली की आधी घशाला कोरड पडते. 11 जूनला माऊलींची पालखी आळंदीहून निघाली तरी पावसाचा पत्ता नव्हता. मुंबईतसुद्धा तो 25 तारखेला पोचला. दिवे घाट चढताना डांबर चपलेतून चटके देत होतं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे पिशवीत दोन थर्मामीटर होते. एकाच्या फुग्याला पंच्याची चिंधी गुंडाळली, बाटलीतल्या पाण्याने भिजवली आणि दोन्ही वाऱ्यावर धरले. ओला पारा भराभर उतरला, कोरड्याच्या जवळजवळ दहा अंश खाली. शेजारी आमच्या दिंडीतले जुने टाळकरी तात्या, भोरकडचे.

"काय मापताय माऊली?"

"घाम किती लवकर वाळतोय ते."

"म्हंजी माठच की ह्यो," ते म्हणाले, आणि माझं पुढचं व्याख्यान टळलं.

2025 ला सगळं उलटं. पाऊस मुंबईत 26 मेलाच हजर. नेहमीची तारीख 11 जून. सासवडच्या तळावर पुन्हा चिंधी बांधली, तर दोन पाऱ्यांत जेमतेम दोन अंशांचं अंतर. घाम अंगावरच चिकटून. हवा एका अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पडतो तेव्हा कोसळतो, असं मी सांगत होतो. तात्यांचं लक्ष नव्हतं. त्यांची धूळवाफ हुकली होती. रोहिणीत कोरड्या मातीत भाताचं बी टाकायचं आणि मृगाच्या सरींवर ते उगवायचं, हा पिढ्यांचा हिशेब. रोहिणीतच चिखल झाला तर टाकायचं कशात? "वापसाच न्हाई, पेरायजोगी मातीच न्हाई. पोराच्या गळ्यात टाकून आलोय," म्हणाले. पेरा उरकून वारीला निघणारा माणूस. या खेपेला पावलं पुढे आणि जीव मागे.

त्या रात्री हरिपाठ झाल्यावर राहुटीत विषय निघाला. चांद्रवर्ष 354 दिवसांचं, सूर्याचं 365. दरवर्षी अकरा दिवस तिथी मागे सरकते, म्हणून साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक मास घालायचा. तसं केलं नसतं तर आषाढी कधीच थंडीत जाऊन बसली असती. ज्यांनी हे गणित मांडलं त्यांना भक्ती आणि आकडेमोड एकाच पंचांगात ठेवताना संकोच वाटला नाही, आणि मला मात्र तळावर थर्मामीटर काढताना वाटत होता! पण तिथी ऋतूला बांधून ठेवता येते. ऋतूच खुंटा उपटून चालू लागला तर कुठला मास घालायचा?

कार्बन डायऑक्साईड समजावताना मी पुरता अडखळलो. 1958 साली हवेच्या दहा लाख भागांत 315, आता 420 च्या वर, हे सांगून कुणाच्याच चेहऱ्यावरची रेष हलेना. कोपऱ्यात तुळस शेजारी ठेवून पाय चोळत बसलेल्या आजी म्हणाल्या, "धरतीवर वाकळ घातली म्हना की."

"हो आजी, तसंच."

"अन् घातली कुनी? आपुनच ना? मग पांडुरंगाला कशाला इचारता, पाऊस असा का म्हून."

कुणी काही बोललं नाही. बाहेर दिंडीच्या ट्रकवर प्लास्टिकचा कागद फडफडत होता.

2026 ला ज्येष्ठ अधिक, म्हणजे एकादशी थेट 25 जुलैला. तोवर लावण्या उरकतील असं तात्या म्हणतात. चिंधी मात्र ते स्वतःच्या धोतराची आणणार आहेत. माझी म्हणे फार जाड आहे.