इंजेक्टर गळती आणि अर्ध्या मिलिमीटरची ओ-रिंग: माझा अनुभव

"साहेब, रिंग ती रिंग. अर्ध्या मिलिमीटरने काय होतंय?" एका स्पेअरपार्टच्या काउंटरवर इंजेक्टरच्या ओ-रिंगेबद्दल, म्हणजे पेट्रोल अडवणाऱ्या रबराच्या कड्याबद्दल, हे ऐकल्यापासून माझा राग अजून उतरलेला नाही. काय होतं ते सांगतो. गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकतं.

माझी गाडी जुनी पेट्रोल, चार सिलिंडरची. सकाळी मिसिंग करायची, पिकअप गेला होता, म्हणून इंजेक्टर, म्हणजे पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या नोझल, अल्ट्रासॉनिकला (ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या मशीनला) देऊन साफ करून आणले. काम चोख झालं होतं, टेस्ट बेंचवर चारही फवारे सारखे दिसत होते. सोबत नव्या ओ-रिंगा मिळाल्या, त्या घालून सोसायटीच्या पार्किंगमध्येच इंजेक्टर बसवले. चावी ऑन केली आणि वास आला. टॉर्च मारली तर दोन नंबरच्या इंजेक्टरच्या मानेशी, तो रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) शिरतो नेमका तिथे, थेंब जमत होता. जमायचा, फुगायचा आणि इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांवर, ओघळायचा.

अशा वेळी सेल्फ अजिबात मारू नका. चावी नुसती ऑन केली की पंप दोन-तीन सेकंद चालून रेलमध्ये दाब भरतो. तीन-चार वेळा ऑन-ऑफ केलं की गळती असेल तर इंजिन सुरू न करता दिसते. दाब साधारण 3 बार असतो, म्हणजे टायरात भरतो त्याहून जास्त. गळती दिसली की बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी हवाच.

ओळखीच्या मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "रेलचे बोल्ट अजून आवळा." हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो चुकीचा आहे. इंजेक्टरच्या वरच्या टोकाची, रेलच्या भोकात बसणारी ओ-रिंग बोल्टने दाबली जात नाही. ती भोकाच्या भिंतीवर चहूबाजूंनी दाबून बसते, तेव्हाच पेट्रोल अडतं. जास्त आवळलंत तर अ‍ॅल्युमिनियमच्या मॅनिफोल्डमधले आटे जातील, गळती तशीच राहील.

मग रिंगा शोधायला निघालो, आणि गाडी खरी अडली ती इथे. अधिकृत पार्टच्या काउंटरवर कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, "रिंग वेगळी येत नाही, अख्खं इंजेक्टर घ्यावं लागेल." नुकतेच साफ केलेले चार उत्तम इंजेक्टर हातात असताना, रबराच्या एका कड्यापायी नवा घ्यायचा! ऑर्डर द्यायची तर अ‍ॅडव्हान्स भरा, माल कधी येईल ते विचारू नका. पुण्यातली नाना पेठ, स्पेअरपार्टचा बाजार, पालथी घातली. जो तो डब्यात हात घालून मूठभर काळ्या रिंगा काढायचा, नजरेने बघायचा आणि म्हणायचा, "सेम आहे, बिनधास्त लावा." व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावून बघा म्हटलं की चेहरा उतरायचा. शेवटी मीच व्हर्निअर घेऊन फिरलो.

हिशोब साधा आहे. माझ्या रेलचं भोक 14 मिलिमीटरचं, बॉशच्या जुन्या धाटणीचं. बाजारात सरसकट मिळणारी रिंग आतून 7.5 आणि जाडीला 3. तिचा बाहेरचा व्यास होतो 13.5. इंजेक्टरच्या खाचेवर ताणून बसवली की जेमतेम भिंतीला टेकते, दाबली जात नाही. साफसफाईवाल्यांनी दिलेल्या रिंगाही नेमक्या ह्याच मापाच्या निघाल्या. हवी होती 7.52 बाय 3.53. ती बाहेरून साडेचौदाच्या वर जाते, म्हणून घट्ट बसते. हे इंची माप आहे, सीलच्या धंद्यात त्याला 203 नंबर म्हणतात. एवढा एक आकडा कुणी आधी सांगितला असता तर किती पायपीट वाचली असती!

रिंग मिळाली भोसरीत, औद्योगिक सील विकणाऱ्या दुकानात. (गुरुवारी जाऊ नका, तिकडे सुट्टी असते.) त्या काकांनी "203? नायट्राइल की व्हायटॉन?" एवढंच विचारलं आणि मला हायसं वाटलं. हे दोन रबराचे प्रकार, त्यातलं व्हायटॉनच घ्या. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, साध्या नायट्राइलचा भरवसा नाही. आणि नमुना म्हणून जुनी रिंग नेऊ नका, ती चपटी झालेली असते. इंजेक्टरच न्या आणि रेलचं भोक मोजून न्या. तुमच्या गाडीचं माप वेगळं असू शकतं, बऱ्याच जपानी गाड्यांच्या रिंगा लहान असतात.

बसवताना भोक स्वच्छ कापडाने पुसा, पॉलिश पेपर लावू नका. रिंगेला इंजिन ऑइलचा एक थेंब पुरे. सिलिकॉन सीलंट लावाल तर त्याचे तुकडे सुटून इंजेक्टरमध्ये अडकतील. सरळ, किंचित फिरवत दाबायचं. बसल्यावर इंजेक्टर हाताने फिरला पाहिजे. अडला तर रिंग चावली गेली समजा आणि परत काढा.

इंजेक्टरच्या खालच्या टोकाचं, मॅनिफोल्डमधलं सील गळत असेल तर पेट्रोल दिसत नाही. हवा ओढली जाते आणि आयडलला आरपीएम वरखाली होतो. इंजेक्टर टोकाशीच ठिबकत असेल तर गरम गाडी पटकन सुरू होत नाही, प्लग काळा पडतो, ऑइलला पेट्रोलचा वास येतो. त्यावर रिंगेचा इलाज नाही, इंजेक्टरच तपासून घ्यावा लागतो.

नव्या रिंगा बसवून इंजेक्टरच्या चारही माना टिश्यू गुंडाळून तपासल्या, कोरड्या. मग कात्रजचा घाट चढून वर इंजिन बंद केलं, थोडं निवू दिलं आणि परत बघितलं. तेव्हाही कोरड्या. अभिमान वाटला, का वाटू नये!

एक राहिलंच. रेल उघडायच्या आधी पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे दाब उतरतो. गाडी गळत असेल तर सुरू न करता फ्यूज काढा आणि जोडावर जाड कापड धरून सावकाश सोडवा, डोळ्यांवर चष्मा असू द्या.