विजयदुर्ग, हेलियम आणि दोन ग्रहणे

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माजी विद्यार्थ्याने शाळेच्या आठवणी लिहाव्यात, असा रिवाज आहे. मी मात्र एका वाक्याविषयी लिहितो. कोकणात वाढलेल्या प्रत्येकाने ते ऐकलेले असते आणि विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यांवरही ते अजून दिसते: ‘१८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला.’ यातली तारीख खरी, माणूस खरा, किल्लाही खरा. त्यांची सांगड तेवढी चुकली आहे.

त्या दिवशीचे खग्रास सूर्यग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून पाहिले. सूर्याच्या कडेवरच्या सौरज्वालांच्या वर्णपटातल्या, म्हणजे प्रकाश फोडून मिळणाऱ्या रंगपट्ट्यातल्या, रेषा त्यांना इतक्या ठळक दिसल्या की, दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यांनी त्या पुन्हा पाहून दाखवल्या. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्येच होते. वर्णपट पाहण्याचा त्यांचा नवा स्पेक्ट्रोस्कोप १६ ऑक्टोबरला हाती आला आणि २० ऑक्टोबरला त्यांनाही ग्रहणाविना तेच साधले. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला वाचली गेली.

ग्रहण नसताना हे जमते कसे? एरवी ज्वाला दिसत नाहीत, कारण आकाशात विखुरलेला सूर्यप्रकाश त्यांना झाकून टाकतो. त्या प्रकाशात सगळे रंग असतात. तो एकामागोमाग अनेक प्रिझममधून नेला की लांब पट्टा होऊन फिका पडतो. ज्वालेचा प्रकाश मात्र मोजक्याच रंगांचा असतो; प्रिझम वाढवले तरी त्याच्या रेषा एकमेकींपासून लांब जातात, पण अंधूक होत नाहीत. उपकरणात प्रकाश आत घेणारी फट मात्र अरुंद हवी आणि नेमकी सूर्याच्या कडेवर धरायला हवी.

खरी गंमत ज्वालांच्या वर्णपटातल्या पिवळ्या रेषेची. ग्रहण पाहणाऱ्यांपैकी काहींनी ती सोडियमची समजली, आणि तसे वाटणे स्वाभाविकच होते. सोडियमच्या दोन रेषा ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटरवर, तर ही ५८७.६ वर, म्हणजे किंचित हिरव्या बाजूला. शिवाय सोडियमच्या जागी सूर्याच्या वर्णपटात काळ्या रेषा दिसतात, हिच्या जागी तशी काळी रेषा दिसत नाही. हायड्रोजनपासून ती प्रयोगशाळेत काही केल्या मिळेना, म्हणून लॉकियर यांनी नव्या मूलद्रव्याची, म्हणजे हेलियमची, कल्पना मांडली. अनेक रसायनशास्त्रज्ञांचा त्यावर विश्वास नव्हता. अखेर मार्च १८९५ मध्ये लंडनमध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांनी क्लीव्हाइट या युरेनियमच्या खनिजावर आम्लाची क्रिया केली. ते शोधत होते आरगॉन हा वायू. निघालेल्या वायूत सापडली तीच पिवळी रेषा.

मग विजयदुर्ग? लॉकियर तिथे आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, हेलियम पृथ्वीवर सापडल्यानंतर. ‘मेल्पोमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी त्यांच्या मदतीला होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची, त्यामुळे प्रत्येकाचे काम आधीपासून ठरवून घोटून घ्यावे लागले. त्यांच्या प्रिझम-कॅमेऱ्यांत फट नव्हती. सूर्याची उरलेली चंद्रकोरच फटीचे काम करी आणि प्रत्येक रेषा काचेवर कोरीच्या आकारात उमटे. गडावरचे ‘साहेबाचे ओटे’ या मोहिमेशी जोडावेत, हे मला पटते.

तक्ता नव्याने कराल तेव्हा शेजारी सोडियमचा दिवा आणि हेलियमची विसर्गनळी (विजेने उजळणारी वायूची नळी) ठेवा. स्पेक्ट्रोमीटरची फट आधी सोडियमवर अरुंद करा आणि मगच हेलियमकडे वळवा. फट रुंद राहिली तर १.४ नॅनोमीटरचा हा फरक दिसतच नाही, दोन्ही वेळा एकाच जागी जाड पिवळा पट्टा दिसतो.