बावन्न अंकांचं ‘इनपुट’

आपल्या शाळेत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक आले ते शाळांत संगणक शिकवण्याच्या केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून. १९८४ साली सुरू झालेल्या या योजनेच्या पहिल्या टप्प्यात देशभरातल्या २५० शाळा होत्या. ३२ केबी मेमरी, २ मेगाहर्ट्‌झचा ६५०२ प्रोसेसर आणि प्रोग्रॅम कॅसेटवर साठवायला जोडीला टेपरेकॉर्डर. त्यावर काय करायचं, हे शिकायला नागपुरात बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून आलेले ‘इनपुट’ या संगणकविषयक साप्ताहिकाचे सुटे अंक फार उपयोगी पडले.

मार्शल कॅव्हेंडिश या प्रकाशन संस्थेचं हे ब्रिटिश साप्ताहिक १९८४-८५ मध्ये निघालं आणि ५२ अंकांनंतर थांबलं. ते बंद पडलं असं म्हणू नये. तेवढेच अंक काढायचे, हे आधीच ठरलेलं होतं. पृष्ठक्रमांक सलग, अंक बाइंडरमध्ये लावून ठेवायचे. त्यात प्रोग्रॅम छापलेले असत आणि ते वाचकानं स्वतः टंकायचे. मशीन कोडमधला, म्हणजे थेट प्रोसेसरच्या आकडी भाषेतला मोठा खेळ अंकामागून अंक भागाभागानं येई. मधला एक अंक हुकला की पुढचं टंकन वाया.

एकाच प्रोग्रॅमची यादी, म्हणजे टंकायच्या ओळी, स्पेक्ट्रम, कमोडोर ६४, ड्रॅगन आणि बीबीसी या घरगुती संगणकांसाठी वेगवेगळी छापलेली असे. म्हणजे बरीच पानं आपल्या मशीनला निरुपयोगी. पण खरा धडा तिथंच होता. बीबीसीवर ‘साउंड १,-१५,५३,२०’ एवढ्या एका ओळीत मधला ‘सी’ हा स्वर एक सेकंद वाजतो. कमोडोरच्या बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आवाजाची आज्ञाच नाही. तिथं ध्वनीच्या चिपच्या रजिस्टरांत एकेक आकडा ‘पोक’ करावा, म्हणजे थेट लिहावा लागे. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की चिप आतून काय करते ते कळे.

टंकताना सर्वाधिक घात करी तो ‘डेटा’ ओळींतला, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या आकड्यांच्या ओळींतला स्वल्पविराम. त्याजागी टिंब पडलं की दोन आकड्यांचा एक आकडा होतो, पुढचे सगळे एक घर सरकतात आणि चूक भलत्याच ओळीवर ‘आउट ऑफ डेटा’ म्हणून दिसते. मशीन कोड असेल तर ‘रन’ देण्याआधी ‘सेव्ह’ करायचंच. यंत्र अडकलं तर ‘ब्रेक’ची कळ दाबून ‘ओल्ड’ ही आज्ञा द्यायची. तेवढ्यानं प्रोग्रॅम परत येतो, अर्थात मेमरी पुसली गेली नसेल तर. पडद्याच्या वेगवेगळ्या ‘मोड’पैकी मोड ७ मध्ये चौकटी कंसाजागी बाण उमटतो, त्याला घाबरू नये. आत बरोबरच अक्षर असतं.

डिस्कची सोय बसवलेल्या यंत्रावर मोड १ मध्ये प्रोग्रॅमला ८,७०४ ऐवजी ५,८८८ बाइटच उरतात. कॅसेटवाल्यांसाठी लिहिलेली यादी त्यात मावली नाही तर ‘बॅड मोड’ अशी चूक दाखवते. उपाय सोपा: ‘स्टार टेप’ द्यायचं, ‘पेज’, म्हणजे मेमरीत प्रोग्रॅम सुरू होतो ती जागा, ३,५८४ वर आणायचं, ‘न्यू’ द्यायचं आणि मग कॅसेटवरून प्रोग्रॅम भरायचा.

‘इनपुट’ संपलं त्याच सुमारास घरगुती संगणकाचं जगही बदललं. मास्टरट्रॉनिक कंपनीच्या तयार खेळांच्या कॅसेटी १ पौंड ९९ पेन्सला मिळू लागल्या होत्या. त्याहून सुमार खेळासाठी दोन-तीन संध्याकाळी कोण टंकत बसणार? १९८५ मध्ये अटारी एसटी आणि अमिगा हे नव्या पिढीचे संगणक आले.

आजच्या विद्यार्थ्यांना एखादी यादी एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर टंकायची असेल, तर आधी कळफलकाची मांडणी तपासावी. बीबीसीवर अवतरणचिन्ह ‘शिफ्ट’ आणि २ मिळून उमटतं, आणि ‘ॲट’ (@) चिन्हाला वेगळी कळ आहे.