तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी प्रीमिअर पद्मिनी मोटार चोरीला जाऊ नये यासाठी काय करायचं?

"पद्मिनी सगळी नीट करून घेतली, आता ती बिल्डिंगखाली उभी राहणार. चोरीला जाऊ नये म्हणून काय करू?" जुन्या गाड्या बाळगणारे हा प्रश्न सतत विचारतात. तोवर बहुतेकांनी बाजारातून स्टिअरिंग लॉक आणलेला असतो. असू द्या, पण त्याच्यावर विसंबू नका. जुन्या स्टिअरिंगची कडी बारीक असते, त्यामुळे चोर लॉकच्या नादी न लागता ती कडीच करवतीने कापतो. खाली गिअर असलेल्या गाड्यांचे गिअर लॉक तर बहुतेक पद्मिनींना बसतच नाहीत, कारण गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असतो.

1089 सीसीचं हे इंजिन चालू व्हायला फार थोडं लागतं: ठिणगीसाठी कॉइलला 12 व्होल्ट, सेल्फला (इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरला) करंट, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल. पहिल्या दोन गोष्टी किल्लीशिवायही देता येतात, आणि जुन्या गाड्यांवर हात मारणाऱ्याला हे ठाऊक असतं. म्हणून अडथळा किल्लीच्या पुढे, ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे इग्निशनमध्येच घालायचा.

वायरमन सहसा किल्लीकडून कॉइलकडे येणारी वायर तोडून मध्ये छुपा स्विच बसवतो. त्यात दोन उणिवा आहेत. बॅटरीवरून कॉइलला थेट वायर दिली की स्विच निकामी होतो. आणि त्या स्विचमधून 3 ते 4 अँपिअर करंट सतत वाहतो. कॉन्टॅक्ट ढिला झाला की गाडी भर घाटात बंद पडते.

माझ्या मते स्विच दुसऱ्या बाजूला हवा. कॉइलच्या ज्या टर्मिनलवरून वायर डिस्ट्रिब्युटरकडे (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाकडे) जाते (तिथे वजाची खूण किंवा सीबी ही अक्षरं असतात), तिथून 1.5 चौरस मिलिमीटरची एक वायर काढा, ती स्विचमध्ये घ्या आणि स्विचची दुसरी बाजू बॉडीला अर्थ करा. स्विच चालू केला की डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट) उघडले काय, मिटले काय, कॉइलला फरक पडत नाही. सेल्फ फिरत राहतो, ठिणगी मात्र पडत नाही. कॉइलला बाहेरून करंट दिला तरी तेच. शिवाय ही वायर कधी सुटली तर गाडी चालूच राहते, तुम्ही रस्त्यात अडकत नाही. स्विच 10 अँपिअरचा घ्या, जोड सोल्डर करून त्यावर स्लीव्ह चढवा. वायर जुन्या लूमच्याच (गाडीतल्या वायरींच्या जुडग्याच्या) रंगाची घ्या आणि लूमबरोबरच न्या. नवीकोरी लाल वायर बॉनेट उघडताच डोळ्यांत भरते. एक पथ्य पाळा: हा स्विच चालू असताना इग्निशन चालू ठेवून बसू नका, कॉइल तापून जळते. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर ही जोडणी करू नका. तिथे मॉड्यूलचा सप्लाय तोडणारा स्विच लावायचा.

गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर रोटर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला ठिणगी वाटणारा फिरता तुकडा, काढून घ्या. डिस्ट्रिब्युटर कॅपच्या दोन क्लिपा सोडवायच्या, रोटर सरळ वर ओढायचा, कॅप पुन्हा घट्ट बसवायची. कॅपच्या मधोमध स्प्रिंगवर बारीक कार्बन असतो, तो सांडू देऊ नका. आणि कॅप अर्धवट बसली तर पावसाळ्यात आत ओल धरते.

पेट्रोलच्या लाइनमध्ये कॉक बसवा, असं बरेच जण सुचवतात. मला तो पटत नाही. कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडं अंतर जाते आणि मगच बंद पडते. त्यात प्रत्येक नवा जोड म्हणजे गळतीची एक जागा, आणि इथेनॉल मिसळलेल्या आजच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप तसेही खराब होतात.

हे सगळं केलं तरी टोचन लावून किंवा गाडीवर चढवून पद्मिनी नेता येतेच. ती मुळात हलकी. म्हणून तोंड भिंतीकडे करून, गिअरमध्ये टाकून उभी करा आणि चाकाला क्लॅम्प लावा. जागा स्वतःची असेल तर जमिनीत काँक्रीटमध्ये कडी गाडून साखळी चाकातून ओवा. हँडब्रेक ओढून महिनोन्‌महिने ठेवू नका, पावसाळ्यात लायनर ड्रमला चिकटतात. चाकांपुढे-मागे लाकडी ठोकळे लावा.

दारांमध्ये कच्ची जागा म्हणजे पुढची तिकोनी काच. तिचं रबर कडक झालं की खिट्टी सैल होते. काच ढकलून हात आत घातला की दार उघडलं. रबर आणि खिट्टी दोन्ही बदला. कुलपंही इतकी झिजलेली असतात की दुसऱ्या पद्मिनीची किल्ली लागते, ती नवीन घाला.

जीपीएस ट्रॅकर जरूर बसवा, पण बॅटरीचं गणित करून. 20 मिलिअँपिअर खाणारा ट्रॅकर महिन्याला साधारण 14 अँपिअर-तास ओढतो, म्हणजे लहान बॅटरी जवळजवळ अर्धी रिकामी. बॅटरीच्या वजा टर्मिनलवर कट-ऑफ (बॅटरी तोडणारा स्विच) असेल तर ट्रॅकरच्या दोन्ही वायरी फ्यूज घालून थेट बॅटरीला जोडा, नाहीतर कट-ऑफ फिरवताच तोही मरतो. ट्रॅकरचा धातूचा भाग बॉडीला लागू देऊ नका; कट-ऑफ बंद असताना गाडीचा करंट त्याच बारीक वायरीतून परतायला बघतो. जागा मागच्या काचेखालच्या पुठ्ठ्याच्या फळीखाली चांगली, कारण डॅशबोर्डचा पत्रा सिग्नल अडवतो.

अख्ख्या गाडीपेक्षा व्हीलकॅप, मोनोग्राम, ग्रिल यांच्यावर डोळा जास्त असतो. त्यांच्या मागच्या बाजूला गाडीचा नंबर कोरा, फोटो काढून ठेवा. इंजिन आणि चेसिस नंबरचेही फोटो घ्या आणि ते आरसीशी ताडून पाहा. इंजिन बदललेलं असून नोंद जुन्याचीच राहिलेली असू शकते.

विमा बघा. निव्वळ थर्ड पार्टी पॉलिसीत चोरीचा पैसा मिळत नाही. पाच वर्षांवरच्या गाडीची विम्यातली किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, म्हणून डागडुजीची बिलं आणि मूल्यांकनाचा अहवाल पुढे ठेवून योग्य आकडा लिहून घ्या. चोरीचा दावा करताना एफआयआरबरोबर गाडीच्या सगळ्या किल्ल्या जमा करायला सांगतात. दुसरी किल्ली कुणा गॅरेजवाल्याकडे राहिली असेल तर आजच परत आणा.