सेव्हन घेऊन स्नेटर्टनला: चालवत जायचं, चालवतच परत यायचं

केटरहॅम सेव्हन ही दोन माणसांची हलकी ब्रिटिश स्पोर्ट्स कार ट्रेलरवर घालून ट्रॅकवर नेणारे पुष्कळ आहेत. आम्ही ती चालवत नेतो, दिवसभर पळवतो आणि चालवतच घरी आणतो. परतीचा रस्ता डोक्यात असला की ट्रॅकवरचे बरेच निर्णय बदलतात. सलग किती वेळ पळवायची, ब्रेक किती उशिरा मारायचा, कुठल्या आवाजाकडे लगेच बघायचं, सगळंच. स्नेटर्टनच्या रेसिंग ट्रॅकवरच्या या फेरीबद्दल त्याच अंगाने लिहितोय. इंग्लंडात अशी हलकी गाडी घेऊन कोणी पहिल्यांदा ट्रॅकवर जाणार असेल, तर त्याला उपयोग व्हावा.

गाडी आहे सेव्हनचं २७० हे मॉडेल. फोर्डचं १.६ लिटरचं इंजिन, १३५ हॉर्सपॉवर, वजन साधारण ५४० किलो. एबीएस नाही, ब्रेकला सर्वो (पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा) नाही, स्टिअरिंगला मदत नाही. लोटस कंपनीच्या संस्थापकाने, कॉलिन चॅपमनने, १९५७ मध्ये लोटस सेव्हन आणली तेव्हा ती सुट्या भागांच्या रूपातही विकली जायची, कारण तयार गाडीवर लागणारा परचेस टॅक्स (खरेदी कर) सुट्या भागांवर लागत नसे. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये व्हॅट आला आणि ती सवलत गेली. त्याच वर्षी गाडीचे हक्कही लोटसकडून केटरहॅमकडे आले. टॅक्सचं कारण उरलं नाही, पण घरी जोडायची पद्धत टिकली. माझीही गाडी खोक्यांतूनच आली. याचा खरा फायदा देखभालीत होतो. कुठला बोल्ट कुठून आत जातो आणि त्याच्यापर्यंत पाना कसा पोचतो, हे हातांना माहीत असतं.

तयारी आदल्या आठवड्यात करायची, आदल्या रात्री नाही. काही निघालं तर पार्ट मागवायला वेळ हवा. सुरुवात ब्रेक ऑइलपासून. ते हवेतला ओलावा शोषून घेतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ या दर्जाच्या ताज्या ऑइलला किमान २३० अंश सेल्सिअसची हमी असते, ओलावा शोषलेल्याला फक्त १५५ ची. रस्त्यावर हा फरक कधी जाणवतही नाही. ट्रॅकवर मात्र ऑइल उकळून वाफ झाली की पेडल सरळ खाली जातं. गाडी हलकी असल्यामुळे आपले ब्रेक जड गाड्यांइतके तापत नाहीत, हे खरं. पण म्हणूनच लोक वर्षानुवर्षं तेच ऑइल ठेवतात. ट्रॅकसाठीचं चांगलं डॉट ४ घाला आणि दर हंगामाला बदला. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं ऑइल येतं, ते यात चालत नाही.

मग नट-बोल्ट. सस्पेन्शनचा प्रत्येक नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) घट्ट केला की त्याच्यावरून बोल्टपर्यंत पांढऱ्या पेंट मार्करची एक रेघ ओढून ठेवतो. पुढे दिवसभर नुसतं वाकून बघायचं. रेघ जुळत नसेल तर नट फिरलाय. पाना न लावता अख्खी गाडी पाच मिनिटांत तपासून होते. मागच्या डि डिऑन अ‍ॅक्सलच्या ए-फ्रेमचा बुश (सांध्यातली रबरी गादी) विशेष बघा. तो झिजला की मागची बाजू वळणात आधी किंचित डोलते आणि मग बसते. चाक वर उचलून वरून-खालून धरून हलवा, बेअरिंगचा खेळ हाताला कळतो. शासीच्या नळ्यांवर पावडर कोटिंग फुगलं असेल तर आत गंज आहे असं समजून खरवडून बघाच.

स्नेटर्टन नॉरफक काउंटीत ए ११ महामार्गाला लागून आहे, थेटफर्ड आणि अ‍ॅटलबरोच्या मधे. पूर्ण रस्ता ड्युअल कॅरेजवे आहे, सोपा आहे, पण सेव्हनमध्ये लॉरीचं चाक आपल्या डोळ्यांच्या पातळीत येतं. लॉरीच्या बाजूला रेंगाळू नका, एक तर पुढे जा नाहीतर मागे राहा. कानात इअरप्लग हवेतच. सामानाला जागा फार थोडी, त्यामुळे निवड करावी लागते. आम्ही नेतो ते असं: टॉर्क रेंच, चाकाच्या नटांचा सॉकेट, दोन-चार पाने, पायाचा पंप, प्रेशर गेज, एक लिटर इंजिन ऑइल, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली, होज क्लिप, लोखंडी पट्टीचे दोन तुकडे, तार, केबल टाय, टेप. जॅक छोटा अ‍ॅल्युमिनियमचा. बूट पातळ आणि अरुंद तळाचे घाला. सेव्हनचं पेडल बॉक्स इतकं चिंचोळं आहे की रुंद बुटाने ब्रेकबरोबर अ‍ॅक्सिलरेटरही दाबला जातो.

विम्याचंही आधीच बघा. रस्त्यावरची पॉलिसी सहसा ट्रॅकला लागू होत नाही, त्या दिवसाचा वेगळा विमा घ्यावा लागतो.

ट्रॅकवर पोचल्यावर पहिला अडथळा आवाजाचा. सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर अंतरावर, ४५ अंशांत मीटर धरतात आणि इंजिन कमाल आरपीएमच्या साधारण तीन-चतुर्थांशावर धरायला सांगतात. मर्यादा दिवसागणिक वेगळी असते, म्हणून बुकिंग करतानाच वाचा. सेव्हनचा सायलेन्सर आखूड असतो आणि आतलं पॅकिंग जळत जातं. गेल्या वर्षी पास झाली म्हणून यंदा होईलच असं नाही. मग लायसन्स दाखवणं, झेंड्यांची आणि ओव्हरटेकिंगची माहिती, मनगटाला पट्टी आणि वाट दाखवणाऱ्या गाडीमागून सावकाश ओळखीच्या फेऱ्या. या फेऱ्यांत झेंडे दाखवणाऱ्या मार्शलच्या चौक्या कुठे आहेत ते पाठ करा. वेगात असताना झेंडा शोधावा लागला तर उशीर झालेला असतो.

ट्रॅक दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळावर आहे. अमेरिकन बी-१७ बॉम्बर इथून उडायचे. त्यामुळे जागा सपाट, आडोसा नाही, आणि वारा सरळ अंगावर. २०११ मध्ये नव्याने आखलेली ३०० नावाची मोठी फेरी तीन मैलांना जराशी कमी. बेंटली स्ट्रेट या लांब सरळ पट्ट्यावर सेव्हनची सगळी मर्यादा कळते. समोरून वारा असेल तर ठरावीक वेगापुढे गाडी हवेलाच ढकलत बसते, आणि जड, ताकदवान गाड्या मोठ्या झपाट्याने जवळ येतात. आरशात बघा, हात दाखवा, जाऊ द्या. तीच गाडी पुढच्या ब्रेकिंगला पुन्हा आपल्यासमोर येते, कारण आपल्याला थांबवायचं वजनच कमी आहे. फक्त हे लक्षात ठेवा की आपण तिच्यापेक्षा उशिरा ब्रेक मारू शकतो ते तिच्या ड्रायव्हरला माहीत नसतं. त्याच्या अगदी मागे चिकटू नका.

बॉम्ब होल या वळणात रस्ता खोलगट आहे. गाडी दबते आणि पकड वाढते, फार सुंदर वाटतं. पण सेव्हनचा सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) हा गाडीचा सगळ्यात खालचा भाग आहे. आतल्या बाजूच्या उंच कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या पट्टीवर) चाक चढवायचा मोह टाळा. सम्प फुटला तर परतीचा विषयच संपला.

त्यापुढचं कोरम हे वळण मला या ट्रॅकवरचं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि गाडीसाठी सगळ्यात कठीण. लांबच लांब उजवं वळण, संपता संपेना. शेवटी वळणातच ब्रेक मारून मरेज या डाव्या वळणात उतरायचं. या सगळ्या वेळात सम्पमधलं ऑइल डाव्या भिंतीला जाऊन बसलेलं असतं. ऑइल ओढणाऱ्या नळीचं तोंड उघडं पडलं की पंप हवा ओढतो, दाब पडतो, आणि क्रँकच्या बेअरिंगना क्षणभर कोरडं फिरावं लागतं. असा क्षण प्रत्येक फेरीत आला तर इंजिन फार दिवस टिकत नाही. ड्राय सम्प असेल, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत असेल, तर काळजी नाही. आमच्यासारखा ओला सम्प असेल तर आत आडपडदे किंवा फोम हवा, ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेला हवं, आणि कोरमच्या मध्यावर एकदा दाबाच्या काट्याकडे नजर टाकायची सवय हवी. काटा थरथरला तर पाय उचला. एकदम उचलू नका, इंच इंच उचला. वळणात अ‍ॅक्सिलरेटर झटकन सोडला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी फिरते. टायर जितके चिकट तितकं ऑइल जास्त वेळ भिंतीला राहतं. म्हणून आधी सम्पचं काम आणि मग सेमी-स्लिक (कमी खाचांचे, जास्त पकडीचे टायर), असा क्रम ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे. पेट्रोलचंही तसंच. टाकी अर्ध्याच्या खाली गेली की लांब वळणात इंजिन अडखळू शकतं.

टायरमध्ये सकाळी थंड असताना १८ पीएसआय होतं. इतक्या हलक्या गाडीला तेवढं पुरतं. गरम झाल्यावर २२ च्या आसपास गेलं, तेव्हा थोडी हवा सोडली. ही सोडलेली हवा संध्याकाळी परत भरावी लागते, नाहीतर टायर थंड झाल्यावर हमरस्त्यावर प्रेशर फारच कमी पडतं. पायाचा पंप त्यासाठीच.

आम्ही चार-पाच वेगवान फेऱ्या मारून एक सावकाश फेरी मारत आत येत होतो. आत आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून राहिलं की पॅडचा थर डिस्कला चिकटतो आणि मग ब्रेक थरथरतो. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला अडसर लावा. मग पांढऱ्या रेघांची पाहणी, चाकाचे नट, ऑइल.

अशाच एका पाहणीत माझा मामेभाऊ पुढच्या डाव्या मडगार्डपाशी उकिडवा बसला होता. म्हणाला, “दादा, इथे बोट फिरव.” मडगार्डच्या कंसाला वेल्डिंगच्या अगदी कडेला केसाएवढी चीर होती. डोळ्यांना ती रंगाच्या ओरखड्यासारखी दिसत होती, नखाला मात्र अडत होती. सेव्हनचे हे कंस चाकाबरोबरच वर-खाली होतात, मडगार्डचं वजन टोकाला लटकतं आणि कंप सगळा त्या सांध्यात येतो. तिथे चीर येणं नवलाचं नाही. लोखंडी पट्टीचे तुकडे दोन्ही बाजूंनी लावून तीन होज क्लिपांनी आवळलं. पक्कं बसलं, पण ट्रॅकवर पुन्हा काढली नाही. शंभर मैलांच्या वेगात सुटलेलं मडगार्ड मागच्या गाडीच्या काचेवर जाऊ शकतं, आणि मागच्याही सेव्हनला काच असेलच असं नाही. उरलेली दुपार कोरमजवळच्या बांधावरून बाकीचे कुठल्या रेषेने वळण घेतात ते बघण्यात गेली. मरेजला ब्रेक मारताना कोणाची चाकं सरळ आहेत आणि कोणाची वळलेली, हे बाहेरून फार स्वच्छ दिसतं. तेवढ्यासाठीसुद्धा तास-दीड तास राखून ठेवावा.

परतीला निघण्यापूर्वी गाडी पूर्ण थंड होऊ दिली. हवा भरली, चाकाचे नट टॉर्कला लावले, ऑइल पाहिलं, कूलंटची पातळी पाहिली, नाकातल्या रेडिएटरवर खड्यांचे घाव आहेत का ते टॉर्च मारून बघितलं. वाटेत दोनदा थांबून क्लिपा तपासल्या. हलल्या नव्हत्या.

घरी आल्यावर दोन्ही कंस काढले, उजवाही. एकाच दिवशी बसवलेले, एकच कंप सोसलेले, त्यामुळे एकट्या डाव्याचं वेल्डिंग करून भागणार नव्हतं. दोन्हींच्या सांध्यांना आतून त्रिकोणी आधार लावून घेतलाय. ब्रेक ऑइल थोडं सोडून हवा काढली, मागचे पॅड मोजले, फरशीखालचे रिव्हेट बोटाने दाबून पाहिले.

तारीख निवडताना एवढं बघा की हिवाळ्यातले दिवस स्वस्त मिळतात आणि गर्दीही कमी असते, पण सेमी-स्लिक टायर थंड, ओल्या डांबरावर तापतच नाहीत. तेव्हा जायचं असेल तर साधे रस्त्याचे टायर लावून जा. पकड कमी असते, गाडी कमी वेगात बोलायला लागते आणि कोरममध्ये ऑइलही जागेवर राहतं.