हिरव्या पिठाची गुठळी

टोकियोतल्या निशिकासाईच्या आमच्या घरात स्वयंपाकघर एवढंसं आहे की एका वेळी एकच माणूस आत मावतं. आई सांगलीहून आली की ती ओट्याशी आणि मी दारात, अशी आमची वाटणी ठरलेली. गेल्या वसंतात मात्र एका सकाळी मी ओट्याशी होते आणि आई दारातून बघत होती. मी कपात माच्चाची हिरवी पूड टाकली, वर उकळलेलं दूध ओतलं, चमच्यानं ढवळलं.

"काय गं हे, शेवाळ घोटतेस?"

हिरवं दूध, त्यावर तरंगणाऱ्या गडद गुठळ्या. एक फुटली ती थेट माझ्या जिभेवर, कडू जहर. आई म्हणाली, "नाचणीचं पीठ कधी उकळत्यात टाकतो का आपण? आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं. पीठच आहे ना हे?"

पीठच आहे. टोकियोत सात वर्षं राहून मला हे कळलं नव्हतं. मी त्याला चहा समजून वागवत होते: उकळायचा, दूध घालायचं, साखर, झालं. माच्चा या शब्दातच 'चूर्ण केलेला चहा' असा अर्थ आहे. (आपल्याकडे 'मॅचा' म्हणतात, म्हणोत बापडे. इथे 'च'वर एक छोटासा अडखळ घेतात: माच्-चा.) आपण पानं गाळून टाकतो आणि पाणी पितो. इथे अख्खं पान पोटात जातं, त्यामुळे पिठाचे सगळे नखरे आलेच. गुठळी होते, दमट होतं, वास धरतं, जुनं झालं की उतरतं.

त्याआधीची माझी फजितीही सांगून टाकते. फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीच्या दुकानात टेबलावर हिरव्या पुडीचा डबा असतो, कपात चमचाभर घ्यायची आणि नळाचं गरम पाणी सोडायचं. ती पूड म्हणजेच माच्चा, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. सुपरमार्केटातून तसलंच स्वस्त पाकीट आणून लाटे, म्हणजे दुधातला माच्चा, करायची आणि चव का येत नाही म्हणून जास्त जास्त पूड घालायची. ती असते साध्या सेन्चासारख्या चहाची भुकटी. सेन्चाची पानं उन्हात वाढतात, वाफवतात, वळतात, सुकवतात. माच्चाच्या झाडांवर मात्र खुडणीआधी तीनेक आठवडे जाळीचा किंवा गवताच्या चटयांचा मांडव घालून ऊन अडवतात. मुळांत तयार होणारं थिअॅनिन पानात चढतं, आणि ऊन मिळालं की त्याचं तुरट कॅटेचिनमध्ये रूपांतर होतं. ऊनच नाही तर ते पानात तसंच राहतं. म्हणून चांगल्या माच्चाला ती डाळीच्या कटासारखी भरीव, गोडसर चव असते. आणि अंधारात धडपडणारं पान हरितद्रव्य वाढवतं, म्हणून तो पोपटी रंग. मग पानं वाफवून, न वळता सुकवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात. उरलेल्या त्या पातळ तुकड्यांना तेन्चा म्हणतात, आणि तेन्चा दळला की माच्चा.

दळतात कशावर? जात्यावर! आई आल्यावर आम्ही क्योतोला गेलो, तिथून नारा लाईननं ऊजीला. ब्योदोइन देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना चहाची दुकानं, आणि हवेत होजिचा, म्हणजे भाजका चहा, भाजल्याचा वास, थेट आपल्याकडे शेंगदाणे भाजावेत तसा खमंग. एका दुकानात छोटं दगडी जातं फिरवायला देतात. आईनं पदर खोचला, खुंटा धरला आणि सवयीनं गरागरा फिरवायला लागली. दुकानातली मुलगी घाबरून "हळू, हळू" करत धावली. भरभर फिरवलं की दगड तापतो, आणि तापला की वास गेला. असं एक जातं तासाला तीसचाळीस ग्रॅम माच्चा दळतं. मी आईला हे मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "तासाला चाळीस ग्रॅम? माझ्या सासूनं माहेरी पाठवलं असतं."

पण चिमूट बोटांत चोळून तिनं मान डोलावली. "मैदासुद्धा जाड वाटेल यापुढं."

आता लाटे. आईच्या नियमानं करते, आणि तेव्हापासून गुठळी झालेली नाही.

दोन ग्रॅम माच्चा, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. चहाच्या बारीक गाळणीतून तो कोरड्या कपात चाळून घ्यायचा. ही पायरी सगळे गाळतात आणि सगळे पस्तावतात. पूड इतकी बारीक असते की डब्यात बसल्या बसल्याच तिचे गोळे होतात. मग पाणी. उकळतं नाही, ७५-८० अंशांचं. माझ्याकडे तापमापक नाही. उकळतं पाणी एका कपात ओतते, त्यातून दुसऱ्यात. दर बदलीला साधारण दहा अंश उतरतात, दोन बदल्यांत काम होतं. उकळत्या पाण्यानं कडवटपणा उसळून वर येतो. आधी चमचाभरच पाणी घालून मेंदीसारखं गुळगुळीत कालवायचं, मग उरलेलं. एकूण पन्नास मिली, जास्त नाही.

घुसळायला चासेन. एकाच बांबूच्या तुकड्याला बारीक चिरून शंभराच्या आसपास काड्या काढलेला हा ब्रश नारा प्रांतातल्या ताकायामा गावात शेकडो वर्षं करतात. तो आधी कोमट पाण्यात दोन मिनिटं भिजवायचा. मी कोरडाच वापरला, पहिल्याच आठवड्यात तीन काड्या मोडल्या आणि एक लाटेत सापडली. साबण लावायचा नाही, नुसता पाण्यात फिरवून उभा वाळत ठेवायचा. आईचा हात रवीचा, ती गोल गोल फिरवायला गेली. चासेन गोल नाही, पुढे-मागे, मनगटातून, इंग्रजी डब्ल्यू काढल्यासारखा झपझप चालवतात. पंधरावीस सेकंदांत वर फेस धरतो.

चासेन नसेल तर? शंभर येनच्या दुकानातलं बॅटरीवरचं फिरकीयंत्र चालतं, मी घाईच्या दिवशी तेच वापरते. पारंपरिक जपानी चहाविधीवाल्यांनी हे वाचू नये. अर्थात त्यांच्यातही एकमत नाहीच: उरासेन्के घराण्यात वर फेसाचा पूर्ण थर आणतात, ओमोतेसेन्केवाले फेस बेताचाच ठेवून मधे चंद्रकोरीएवढी जागा मोकळी सोडतात. दोघेही सोळाव्या शतकातले चहागुरू सेन नो रिक्यू यांचीच परंपरा सांगतात. त्यांच्या कपात दूध नव्हतंच, त्यामुळे आपण निर्धास्त.

दुधाचंही एक आहे. इथे दुधाच्या खोक्यासारखीच दिसणारी, स्वस्त, पण निव्वळ दूध नसलेली पेयं असतात. पहिली दोन वर्षं मी तीच आणायची आणि जपानी गाईंना नावं ठेवायची. आता खोक्यावर ३.६ टक्के स्निग्धांश बघून घेते. साय नसलेल्या दुधात माच्चा पाणचट लागतो, तुरटपणा टोचतो. दीडशे मिली दूध, बोट बुडवून पटकन काढावंसं वाटेल इतपतच गरम. उकळी आली की सायीचे तुकडे कपात पोहतात आणि दुधाच्या शिजलेल्या वासाखाली चहा मरतो. उन्हाळ्यात तर गरमच करत नाही. बर्फावर दूध आणि वरून हिरवं पाणी सोडायचं.

गोडाला मी आधी साखर घालायचे. आईनं फ्रीजमधली कुरोमित्सुची बाटली उघडून बोटावर घेतली आणि ओरडली, "अगं, ही तर काकवी!" ओकिनावाच्या काळ्या साखरेचा पाक तो, उसाचाच. सांगलीच्या माणसाला गुऱ्हाळाचा वास बरोबर कळतो. एक चमचा काकवी तळाशी, वर दूध, वर माच्चा. तेव्हापासून साखर बंद.

डबा उघडला की महिनाभरात संपवते. फ्रीजमध्ये ठेवते आणि बाहेर काढल्यावर लगेच उघडत नाही. गार डबा उघडला की आत ओल धरते, आणि पुन्हा गुठळ्या. तीस ग्रॅमचेच डबे घेते. २०२४ च्या शरदात जगभरच्या मागणीपुढे क्योतोतल्या जुन्या दुकानांनीसुद्धा माणशी खरेदीवर मर्यादा घातली. लाटेसाठी विधीचा महागडा डबा लागत नाही, पण रंग पिवळट असलेला तरी घेऊ नये.

आईनं माझा पहिला धड जमलेला लाटे संध्याकाळी पाच वाजता प्यायला. रात्री दोनला ती दिवाणखान्यात माझे मोजे जोड्या लावत बसली होती. दोन ग्रॅम पिठात साठेक मिलिग्रॅम कॅफिन असतं, हे मी तिला सकाळी सांगितलं. मग उरलेले दिवस संध्याकाळी तिला भाजलेल्या होजिचाचा लाटे. त्यात कॅफिन कमी, आणि "याला तरी चहाचा रंग आहे."

जाताना माच्चाचा डबा मी तिच्या बॅगेत घातला, तिनं तो काढून परत ओट्यावर ठेवला. गाळणी मात्र नेली. वेलदोड्याची पूड चाळायला इतकी बारीक सांगलीत मिळत नाही म्हणे. परवा फोनवर आणखी दोन मागवल्या आहेत, एक मावशीला.