तुम्ही विचारलंत म्हणून: खोडावरचे ते डाग

"हवा मोजायला आता यंत्रं आहेत, मोबाइलवर आकडा दिसतो. मग तुम्ही झाडांच्या खोडाला भिंग लावून काय बघता?" हे मला इतक्या वेळा विचारलं जातं, की एकदा नीट लिहून टाकायचं ठरवलं.

मी बघते ती दगडफुलं. पुस्तकी शब्द शैवाक, शास्त्रज्ञांच्या तोंडी लायकेन. खोडावर राखाडी, हिरवट, पिवळे डाग असतात ना, तीच. पुष्कळांना तो झाडाला जडलेला रोग वाटतो. पण ती झाडाचं काही खात नाहीत, बसायला जागा मिळाली की त्यांना पुरतं. हा बुरशी आणि शैवालाचा एकत्र संसार आहे. घर बुरशीचं, उन्हावर अन्न शिजवणारं शैवाल.

यांना मुळं नाहीत, पानांवर असतो तसा मेणाचा थर नाही, मिटून घेता येतील अशी रंध्रंही नाहीत. पाऊस, धुकं, दव जे अंगावर येईल ते सगळ्या अंगानं शोषायचं आणि त्याबरोबर हवेतलं जे असेल तेही आत घ्यायचं. झाड निदान जुनी पानं गाळून टाकतं, यांना तीही सोय नाही. सल्फर डायऑक्साइड, म्हणजे कोळशाच्या धुरातला गंधकाचा वायू, ओल्या अंगात विरघळला की शैवालातलं हरितद्रव्य मोडतं. अन्न थांबतं आणि काही काळानं संसारच संपतो.

हे ज्यांच्या ध्यानात लवकर आलं त्यांतला एक विल्यम नायलँडर हा फिनिश वनस्पतिशास्त्रज्ञ. १८६६ साली त्यानं लिहिलं, की पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत शैवाकं आहेत, पण शहरात इतरत्र ती जवळजवळ दिसत नाहीत, म्हणजे हवेची पारख ती करतात. एकोणिसावं शतक सरता सरता त्या बागेतूनही ती गेली आणि विसाव्याच्या अखेरीस हळूहळू परतू लागली. पुढे १९७० मध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ या शैवाकांच्या अभ्यासकांनी इंग्लंड-वेल्ससाठी शून्य ते दहा अशी पट्टी तयार केली. कुठली शैवाकं आहेत ते पाहून तिथल्या हिवाळ्यातल्या सल्फर डायऑक्साइडचा अंदाज बांधायचा. झुडपासारखी, दाढीसारखी लोंबणारी सगळ्यात नाजूक. पानासारखी पसरणारी मधली. सालीला पापुद्र्यासारखी चिकटलेली त्यातल्या त्यात चिवट.

इथं मला एक गैरसमज खोडायचाच आहे. "दगडफूल दिसलं म्हणजे हवा शुद्ध" असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. लेकॅनोरा कोनिझिऑइडिस नावाचं एक शैवाक कोळशाच्या धुराच्या काळात ब्रिटनमधल्या शहरांत भरभरून वाढलं होतं. गंधकाचा धूर कमी झाला तसं तेच दुर्मीळ होत गेलं. हवा सुधारली म्हणून गेलेलं शैवाक! म्हणून आहे की नाही एवढ्यावर भागत नाही, कोण आहे ते विचारावं लागतं.

दुसरं झँथोरिया. याला नत्र आवडतं, म्हणून अमोनिया असेल तिथं, धूळ बसून सालीचा आंबटपणा कमी झालेला असेल तिथं ते ऐसपैस पसरतं. भिंगाखाली त्याच्या पिवळ्या-नारिंगी पानांवर त्याच रंगाच्या इवल्या वाट्या दिसतात. त्यावर कॉस्टिक पोटॅश या तीव्र अल्कलीच्या द्रावणाचा थेंब सोडला की बघता बघता डाग गर्द जांभळा होतो. शंभरदा पाहूनही मी तो रंग उमटेपर्यंत श्वास धरून बघते.

काम तसं साधं आहे. एकाच जातीची, साधारण एकाच जाडीची झाडं निवडायची, कारण प्रत्येक सालीचा आंबटपणा वेगळा. जमिनीपासून मीटरभर उंचीवर खोडाच्या चारही बाजूंना जाळी लावायची: दहा सेंटिमीटरचे पाच चौकोन, एकावर एक. कुठली जात किती चौकोनांत आहे ते मांडायचं. शैवाकं मुळात नसतील तिथं स्वच्छ जंगलातून आणून टांगतात आणि काही महिन्यांनी त्यांत किती शिसं, किती जस्त साठलं ते तपासतात.

यंत्राला मी कमी लेखत नाही. या तासाला हवेत काय आहे हे यंत्रच सांगणार. पण यंत्रं मोजक्या जागी आणि खोडं रस्तोरस्ती. शिवाय बहुतेक शैवाकं वर्षाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर वाढतात, काही त्याहूनही सावकाश. त्यामुळे तळहाताएवढा डाग म्हणजे कित्येक वर्षांची हवा.

सहा वर्षं मी एका झाडावरच्या अशा डागांच्या कडा दर हिवाळ्यात मोजत होते. गेल्या खेपेला गेले तर कुणीतरी मायेनंच, झाडाचा रोग जावा म्हणून, तारेच्या ब्रशनं खोड घासून लख्ख केलेलं. खाली मुळांशी राखाडी कपचे पडले होते. मी ते कागदाच्या पाकिटात गोळा केले, वर तारीख घातली आणि शेजारच्या झाडाला जाळी लावली.